‘पगार’ या शब्दाच्या पोटात काय आहे?



आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द घरोघरी बोलला जाणारा आहे, त्यासाठी शाळा शिकावी लागत नाही. तो शब्द म्हणजे पगार.

पगार झाला का? पगार अडकलाय. पगार वाढवा. पगारी सुट्टी, बिनपगारी रजा. बचत गटाच्या बैठकीत कुणाचा हप्ता राहिला की पहिलं कारण हेच असतं, ‘ताई, पगार व्हायचाय.’ हा शब्द आपल्या तोंडात इतका मुरलाय की तो बाहेरून आला असेल असं मनातही येत नाही. पण तो मुळात मराठी नाही. संस्कृतातून आलेला नाही आणि फारसीतूनही नाही. तो पोर्तुगीज भाषेतला आहे. पोर्तुगीजांकडे तो आला लॅटिनमधून. आणि लॅटिनमध्ये या शब्दाचा पैशाशी काही संबंध नव्हता. तिथे त्याचा अर्थ होता, शांत करणं.

शांतीचा शब्द पैशाचा कसा झाला आणि तो आपल्या गावात कसा पोहोचला, ते आज सांगते. आणि त्यातून आपल्या कष्टाबद्दल काय कळतं, तेही बघू.

आधी लॅटिनची ओळख. दोन हजार वर्षांपूर्वी युरोपात रोमचं मोठं राज्य होतं. त्यांची भाषा लॅटिन. राज्य पसरलं तशी भाषाही पसरली. पुढे राज्य मोडलं, पण लोक बोलतच राहिले. मुलखामुलखात ती भाषा बदलत गेली आणि तिच्या मुली झाल्या : इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रुमानियन. आपल्याकडे संस्कृत आणि प्राकृतापासून मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली अशा बहिणी झाल्या, तसंच हे. असं समजा, पाच बहिणी पाच गावांत दिल्या. प्रत्येकीने माहेरून तेच भांडं नेलं. एकीने त्यात पीठ ठेवलं, दुसरीने तांदूळ, तिसरीने त्याचा कुंडा केला. भांडं एकच, पण वापर ज्या त्या घरचा. शब्दांचंही असंच होतं.

आपल्या शब्दाचं माहेर म्हणजे लॅटिनमधला ‘पाक्स’. पाक्स म्हणजे शांती, तह. त्यावरून क्रियापद झालं ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. आता ही शांती नेहमी गोड होती असं समजू नका. ज्युलिअस सीझर नावाच्या रोमन सेनापतीने गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सचा मुलूख, लढाया करून जिंकला. त्याबद्दल लिहिताना त्याने गॉल ‘शांत केलं’ असा हाच शब्द वापरला. तलवारीने गप्प बसवलं, तेही शांत करणंच. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवू : शांत कोण करतं आणि शांत कुणाला व्हावं लागतं, हा प्रश्न या शब्दाला जन्मापासून चिकटलेला आहे.

पुढे रोमचं राज्य ओसरल्यावर हा शब्द देण्याघेण्याच्या व्यवहारात शिरला. समजा, एकाचं दुसऱ्याकडे येणं आहे. ते मिळत नाही तोवर तो दारात येणार, चारचौघांत बोलणार, पंचांकडे जाणार. त्याला शांत करायचं कसं? त्याचं येणं देऊन टाकायचं. दिलं की तो निवला. असा ‘शांत करणं’ या शब्दाचा अर्थ हळूहळू ‘येणं देऊन टाकणं’ असा झाला, आणि शेवटी नुसता ‘पैसे देणं’ असा उरला.

हे ऐकून नवल वाटलं? मग आपलीच भाषा बघा. आपण भांडण मिटवतो आणि हिशेबही मिटवतो. शब्द एकच. आपण तहान भागवतो, भूक भागवतो, आणि देणंही भागवतो. म्हणजे ज्याचं येणं आहे त्याची तहान भागवायची. गोव्यात पैसे चुकते करण्याला कोकणीत ‘फारीक करप’ म्हणतात. त्याच्या मुळाशी मोकळं होण्याचा अरबी शब्द आहे. आपल्याकडे त्याच मुळापासून ‘फारकत’ आली. देणं दिलं की दोघंही मोकळे. लॅटिन बोलणारी माणसं आपल्यापासून किती लांब, पण देण्याघेण्याचं दुखणं सगळीकडे सारखंच आहे.

आता पाच बहिणींनी या भांड्याचं काय काय केलं ते बघू. इटालियनमध्ये ‘पगारे’ म्हणजे पैसे देणं. स्पॅनिशमध्ये ‘पगार’, पोर्तुगीजमध्येही ‘पगार’, अर्थ तोच. फ्रेंचमध्ये त्याचा ‘पेये’ झाला. पण जुनी शांती पुरती गेली नाही, ती कोपऱ्यात राहिलीच. इटालियनमध्ये ‘अप्पगारे’ म्हणजे मन तृप्त करणं. फ्रेंचमध्ये ‘अपेझे’ म्हणजे समजूत काढणं, राग निववणं. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘अपगार’ म्हणजे विझवणं, दिवा मालवणं. आपणही देवघरातली समई विझली असं म्हणत नाही, शांत झाली म्हणतो. आणि पूर्वेकडच्या रुमानियन बहिणीने तर वेगळीच वाट धरली. तिच्याकडे ‘इंपाका’ म्हणजे समेट करणं, दोघांना जुळवून देणं. पैसे देण्यासाठी तिने शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून दुसराच शब्द घेतला आणि माहेरचा शब्द शांतीसाठी राखून ठेवला.

फ्रेंच बहिणीची गोष्ट आपल्याला अजून एका कारणासाठी कळायला हवी. १०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्याबरोबर हा शब्द इंग्रजीत गेला आणि त्याचा ‘पे’ झाला. सुरुवातीला इंग्रजीतही त्याचा एक अर्थ खूश करणं, समाधान करणं असाच होता. पुढे इंग्रज आपल्याकडे आले आणि हा ‘पे’ आपल्या घरात शिरला : पेमेंट, पे-स्लिप, आणि आता मोबाइलवरचे गुगल पे आणि फोनपे. म्हणजे बघा, ‘पगाराचं पेमेंट झालं का?’ असं आपण विचारतो तेव्हा एकाच आजीच्या दोन नाती एका वाक्यात शेजारी बसलेल्या असतात. एक पोर्तुगालहून आली, एक इंग्लंडहून. दोघी पुन्हा भेटल्या त्या आपल्या तोंडात.

पोर्तुगालहून आलेली नात इथे पोहोचली कशी? पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १९६१ पर्यंत तो सोडला नाही. कोकण किनाऱ्यावर चौल-रेवदंडा त्यांच्याकडे होतं. १५३४ मध्ये त्यांना वसई मिळाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, तोवर दोनशे वर्षं वसई त्यांच्याच ताब्यात होती. या काळात किल्ले बांधले गेले, जहाजं भरली गेली, शेतं आणि मिठागरं कसली गेली. राबणारी माणसं इथलीच होती. मालकाच्या भाषेतले शब्द त्यांच्या कानावर पडत होते. चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली एक मोठी घंटा आपल्या पुणे जिल्ह्यात भीमाशंकरला आजही आहे. घंटा घाट चढून आली, तसे शब्दही घाट चढून आले. घंटेला मात्र माणसं वाहून न्यायला लागली, शब्द स्वतःच चालत आला.

गोव्यातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद म्हणून एक पाद्री होते, १८५५ साली जन्मलेले. आशियातल्या भाषांमध्ये कोणकोणते पोर्तुगीज शब्द शिरले, ते शोधून त्यांनी १९१३ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे आज आपल्याला या शब्दांची गावं ठाऊक आहेत. 

हे शब्द कुठले आहेत? दरबारातले नाहीत, हातातले आहेत. चावी घ्या, पाव घ्या. दोन्ही पोर्तुगीज आणि दोन्हींचं मूळ लॅटिन. तुरुंग हाही तिथलाच. लॅटिनमध्ये तो झाडाचा बुंधा होता. पोर्तुगीजमध्ये कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा झाला, मग कैदखाना झाला, आणि आपल्याकडे तुरुंग.

आता पुण्यातल्या कुठल्याही बांधकामावर चला. हिंजवडीला जा नाहीतर वाघोलीला. तिथे मेस्त्री असतो. हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आलाय, त्याचं मूळ लॅटिन ‘माजिस्टेर’. शाळेतला ‘मास्तर’ही त्याच मुळाचा, फक्त इंग्रजीच्या वाटेने आलेला. मेस्त्रीजवळ घमेलं असतं, तेही पोर्तुगीज. लॅटिनमध्ये ते लाकडी वाडगं होतं. आणि आठवड्याच्या शेवटी पगार असतो. एका मजल्यावर तीन शब्द रोमचे. त्यांच्या जोडीला एक फारसी शब्द राबत असतो, बिगारी. बिगार म्हणजे वेठ, फुकट करून घेतलेलं काम. पाटलाचा नाहीतर सरकारी माणसाचा निरोप आला की हातातलं काम टाकून ओझं वाहायला जायचं, मोबदला शून्य. आज बिगारी म्हणजे बांधकामावर रोजाने राबणारा. शब्द वेठीचा होता, आज त्याला रोज मिळतो. फुकट राबवून घेण्यापासून दाम मागण्यापर्यंतचा सगळा इतिहास त्या एका शब्दात आहे. आणि मैत्रिणींनो, हेही बघा की मेस्त्री बहुतेक पुरुषच असतो आणि घमेलं बहुतेक बाईच्या डोक्यावर असतं. रोजही त्या हिशेबाने ठरतो. समान कामाला बाईला आणि पुरुषाला समान वेतन हे आपल्या राज्यघटनेच्या कलम ३९ मध्ये आहे, १९७६ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. पण काम समान आहे की नाही हे ठरवताना घमेल्याचं वजन कुणी करत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा सांगते. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे. पगार म्हणजे देणं. ते देणाऱ्याचं काम आहे, मालकाच्या बाजूचा शब्द आहे. मराठीत येताना तो बाजू बदलून आला. आपल्याकडे पगार ही क्रिया राहिली नाही, ती वस्तू झाली, आणि तीही घेणाऱ्याची. आपण ‘माझा पगार’ म्हणतो. मालक देवो न देवो, तो माझाच असतो. ‘माझा पगार तुमच्याकडे राहिलाय’ हे वाक्य किती ठाम आहे बघा. ज्यांनी हा शब्द उचलला ते देणारे नव्हते, हात पुढे करून घेणारे होते. त्यांनी देणाऱ्याचा शब्द घेतला आणि त्याला आपलं नाव लावलं.

याला जोडून बचत गटातली गोष्ट. आपण सगळ्या जणी येणं आणि देणं चांगलं ओळखतो. कुणी कर्ज घेतलं की तिच्या वहीत देणं आणि गटाच्या वहीत येणं. मग सांगा, महिनाभर आपण काम केलं आणि पगार एक तारखेला होणार, तर त्या महिन्यात सावकार कोण? आपण! तीस दिवसांचे कष्ट आपण मालकाला उधार दिलेले असतात, बिनव्याजी. एक तारखेला तो आपल्याला काही देत नाही, आपलं परत करतो. लॅटिनमधला जुना अर्थ इथे नीट बसतो. ज्याचं येणं आहे त्याला शांत करायचं. पगारात शांत व्हायचं ते काम करणाऱ्या माणसाने, आणि त्याचं येणं पूर्ण मिळाल्यावरच. ‘दिलेत तेवढे घे आणि गप्प बस’ ही सीझरची शांती झाली, पगार नव्हे.

पुण्याच्या कामवाल्या बायकांना हे फार पूर्वी उमगलं. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. पगारवाढ हवी, सुट्टी हवी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. विचार करा, प्रत्येक बाई वेगळ्या घरात एकटी काम करणारी. ना कारखाना, ना एक मालक, ना हजेरीपट. तोवर घरकामात जुनी साडी, शिळं अन्न, सणाला काहीतरी हातावर, असं चालायचं. ते प्रेमाने दिलं तरी ते देणाऱ्याच्या मर्जीवर होतं. बायकांनी मागितला तो पगार, म्हणजे ठरलेला आणि मागता येणारा. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. ‘मोलकरीण’ ते ‘घरेलू कामगार’ हाही शब्दाचाच प्रवास आहे, आणि तो बायकांनी पायी केलाय.

पण सगळ्या कष्टांना पगार हा शब्द मिळालेला नाही. दोन उदाहरणं तुमच्या घराजवळचीच.

पहिलं, मानधन. अंगणवाडी ताई आणि मदतनीस, आशा ताई यांना जे मिळतं त्याला मानधन म्हणतात. शब्द दिसायला मोठा मानाचा आहे. पण मानधनात येणं नसतं. मान दिला, सोबत थोडं धन दिलं, संपलं. त्यावर भांडता कसं येणार? हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला. गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात एप्रिल २०२२ मध्ये कोर्टाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्यांना मिळणारं मानधन त्या कायद्यापुरतं वेतनातच मोडतं. नाव काहीही ठेवा, कामाच्या बदल्यात मिळतं ते वेतनच. एका शब्दाच्या अर्थावर केवढी म्हातारपणची पुंजी अवलंबून होती बघा.

दुसरं, उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला मुकादम हंगामाआधी पैसे देतो, त्याला आपण उचल म्हणतो. इथे येण्यादेण्याचं तोंडच उलटं होतं. पगारात कष्ट आधी आणि पैसा नंतर, म्हणून कामगार सावकार असतो. उचलीत पैसा आधी, म्हणून कामगार कर्जदार होतो आणि कोयता हातात घेण्याआधीच बांधला जातो. त्यातही नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल बहुतेक नवऱ्याच्या हाती पडते. बाईने पहाटे उठून भाकरी करून, दिवसभर मोळ्या बांधून, वाहून जे केलं त्याचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत नसतो. तिच्या कष्टाला पगार हा शब्द अजून भेटलेलाच नाही.

‘वेतन’ हा आपला संस्कृत शब्द. त्याचीही एक गोष्ट सांगते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत कातण्याच्या कामाचं एक प्रकरण आहे. विधवा, अपंग बायका, म्हाताऱ्या दासी यांना कताईचं काम द्यावं आणि सुताची जाडी-बारीकी, कमीजास्तपणा बघून वेतन ठरवावं, असं त्यात आहे. सूत घेणाऱ्या अधिकाऱ्याने बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा कामाशिवाय दुसरं बोलला तर त्याला दंड. आणि वेतन द्यायला वेळ लावला तर त्याहून मोठा दंड. त्याच प्रकरणात वेतन घेऊन काम न करणाऱ्या बाईलाही कडक शिक्षा आहे, तेव्हा ते राज्य बायकांचं होतं असं मी म्हणत नाही. पण उशिरा दिलेलं वेतन हा गुन्हा आहे, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही मजुरी पंधरा दिवसांत द्यावी आणि उशीर झाला तर भरपाई द्यावी, असं लिहिलं गेलं. म्हणजे उशिराचं दुखणं जुनं आणि औषधही जुनं. मागणारं माणूस मात्र दर वेळी नव्याने उभं राहावं लागतं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. बचतीचा हिशेब झाला की वहीचं एक कोरं पान घ्या. प्रत्येकीने सांगायचं : गेल्या महिन्यात कुणाकडे, किती दिवस काम केलं, काय ठरलं होतं, हातात किती आलं, किती राहिलं. शेतातली मजुरी, खुरपणी, शिवणकाम, पापड लाटणं, शाळेतला पोषण आहार, सगळं धरा. जिला लिहिता येतं तिने बाकीच्यांचं लिहावं. शेवटच्या रकान्यात ‘येणं’ असं लिहा. ‘बघू’, ‘देतील कधीतरी’, ‘ओळखीचे आहेत, कसं मागायचं’ असं त्या रकान्यात काही लिहायचं नाही, फक्त आकडा. मग ज्यांच्या रकान्यात आकडा मोठा आहे त्यांच्याबरोबर मागायला कोण जाणार, हे त्याच बैठकीत ठरवा. एकटीने मागितलं तर ती भांडखोर ठरते, चौघींनी मागितलं तर तो हिशेब होतो.

रोमहून निघालेला शब्द पोर्तुगालला गेला, समुद्र ओलांडून वसईला उतरला, घाट चढून आपल्या दारात आला. वाटेत त्याचं रूप बदललं, बाजू बदलली, पण मूळ गाठ सुटली नाही : ज्याचं येणं आहे त्याला ते मिळालं की शांती. पुढच्या वेळी ‘पगार झाला का?’ असं कुणी विचारलं, तर पुरा झाला का, वेळेवर झाला का, आणि तुझ्याच हातात आला का, हेही विचारा.